दारातली सातवीण आणि माझा दम

दिवाळीच्या तोंडावर ज्यांना दम लागतो आणि घरचे म्हणतात, "काही नाही, सर्दी आहे," त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही. शाळा गावातच संपली, पुढचं वाचणं-लिहिणं मुलांच्या पुस्तकांशी बसून शिकले. त्यामुळं यात औषधांची मोठी नावं सापडायची नाहीत. मला काय झालं आणि घरात काय काय झालं, तेवढं सांगते. बोलता बोलता आडवाटेला जायची सवय आहे मला, तेवढं सांभाळून घ्या.

झाड कुठून आलं

आमचं गाव इस्लामपूरजवळ. आमचे हे फौजेत होते, सुभेदार होऊन घरी आले. गावाकडचा ऊस थोरले दीर बघत होते, म्हणून आम्ही सांगलीला एका कॉलनीत घर बांधलं. गल्लीत सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. मीसुद्धा.

आमच्या भागात आता बरीच घरं रक्षा नदीत सोडत नाहीत. घराजवळ नाहीतर रानात खड्डा काढायचा, त्यात रक्षा घालायची आणि वर झाड लावायचं. सुभेदारांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मला कृष्णेत सोडू नका. मला पोहता येत नाही." माणूसच तसला. शेवटच्या आजारातही नर्सला हसवून ठेवलं होतं त्यांनी.

ते गेले तेव्हा माझा मुलगा महेश रोपवाटिकेत गेला. तिथल्या माणसानं सांगितलं, सातवीण न्या, सप्तपर्णी म्हणतात ती. भराभर वाढते, सरळ वाढते, शेरडं-गुरं तोंड लावत नाहीत, बारा महिने हिरवी. फौजी माणसाला शोभेल असं ताठ झाड. सगळ्यांना पटलं. फूल कसं, त्याचा वास कसा, हे कुणी विचारलं नाही. सोयरीक जमवताना पोराच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करतो आपण. झाडाची कोण करतंय?

फाटकाच्या उजव्या हाताला झाड लावलं. त्या सालच्या भाऊबिजेला माझी नणंद आली. हौसावन्सं, सुभेदारांची धाकटी बहीण. तासगावकडं द्राक्षबागेच्या घरात दिलेली, जिभेला हाड नाही, पण मन असं की उन्हात उभं राहिलेल्या माणसाला आपली सावली काढून देईल. ताट घेऊन त्या थेट झाडापाशी गेल्या. बोटाएवढ्या खोडाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "दादा, ताटात काय घालणार? बरं ऱ्हाऊ दे, दोन पानं घाल." आणि स्वतःच दोन पानं खुडून ताटात ठेवली. आम्ही हसलो आणि मग एकमेकांकडं बघायचं टाळलं. तेव्हापासून दर भाऊबिजेला हेच.

मी रोज दिवेलागणीला बुंध्याशी पणती लावायची. शेजारी कट्टा बांधून घेतला होता. तिथं बसून दिवसभराचं सगळं त्यांना सांगायची. भाजी काय केली, सुनेचं नि माझं कशावरून वाजलं, कुणाची पोर कुठं दिली. जिवंतपणी एवढं निवांत ऐकून घेतलं नव्हतं त्यांनी.

सुभेदार फुलले

झाड मोठं झालं आणि एका सालाला दसरा झाल्यावर फुललं. हिरवट पांढरे झुबके, पानापेक्षा फूल जास्त. संध्याकाळी वास असा सुटायचा की गल्लीच्या तोंडालाच कळावं. शेजारणी म्हणाल्या, "सुभेदार फुलले बघा!" वन्सं खास बघायला आल्या. मी दोन झुबके तोडून त्यांच्या फोटोपुढं ठेवले. फोटो माझ्या खाटेच्या डोक्याशीच आहे. सुकले की नवे ठेवायचे.

त्याच हंगामात मला शिंका लागल्या. डोळ्यांना खाज, नाकाला धार, मग खोकला, मग चालताना धाप. ओव्याची धुरी घेतली, आल्याचा रस घेतला, मधात हळद चाटली. कुणी म्हणालं, कारखान्याचं धुराडं पेटलं की असं होतंच. कुणी म्हणालं, फटाक्याचा धूर. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध दिलं. माझी सून अश्विनी काळजीनं म्हणाली, "आई, बाबा गेल्याचा धसका आहे हा, बोलून टाकत जा मनातलं." मग मी अजून जास्त वेळ कट्ट्यावर बसायला लागले, मनातलं बोलायला. झाडाखाली!

थंडी संपली आणि सगळं आपोआप थांबलं. पुढच्या साली फुलाबरोबर पुन्हा आलं, जरा जास्त. फुलं गेली, तेही गेलं. हे इतकं उघड होतं, पण ज्याच्याशी बोलायला जातो त्याच्यावर संशय कसा यावा?

मग ती संध्याकाळ. पणती लावली, कट्ट्यावर टेकले आणि उठताच येईना. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. पोत्यात धान्य दाबून भरावं आणि तोंड शिवून टाकावं, तशी छाती झाली. हाक मारायला आवाज नाही. अश्विनी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली म्हणून दिसले. महेशनं उचलून गाडीत घातलं आणि मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

मरणाची भीती वाटली नाही, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मी घाबरले होते. लय घाबरले होते. सुभेदारांना भेटायची घाई आहे असं मी नेहमी म्हणायची. त्या दिवशी कळलं, काही घाई नाही.

मिरजेची खाट

तोंडाला मुखवटा लावून वाफ द्यायचे. त्या यंत्राच्या घरघरीची आधी भीती वाटायची, मग त्याची वाट बघायला लागले. सकाळी सिस्टर यायची, बोटाला चिमटा लावायची, आकडा बघून मान हलवायची. मला आकडा कळत नव्हता, मी तिची मान बघायची.

शेजारच्या खाटेवर जतकडची एक आजी होती. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायची. तिचं स्वतःचं दुखणं मोठं होतं, पण मला धाप लागली की ती पडल्या पडल्या म्हणायची, "सावकाश, अव्वा, सावकाश." तिच्या आवाजावर मी श्वास सोडायची. औषधाइतकाच त्या बाईचा गुण आला मला. आणि अश्विनी रोज येऊन माझी वेणी घालायची. घरी आमचं फारसं जमत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण आजारी माणसाच्या गुंतलेल्या केसांतून जी हळू कंगवा फिरवते, तिच्याशी पुन्हा मिठावरून भांडता येत नाही. भांडतो, पण आवाज खाली ठेवून.

चार घास जायला लागले, धाप बसली. उद्या-परवा सोडू म्हणाले. आणि त्याच दिवशी हौसावन्सं आल्या.

उशाखाली काय होतं

आल्या त्या रडतच. मग डोळे पुसले नि माझ्यावरच डाफरल्या, "वैनी, दादा गेला, आता तूबी निघालीस व्हय? माझं माहेर म्हंजी काय धर्मशाळा हाय, उठला की चालला?" वॉर्डातले सगळे हसले. मग इकडं तिकडं बघून त्यांनी पिशवीतून एक रुमाल काढला नि माझ्या उशीखाली सारला. म्हणाल्या, "गप पड. सांगू नगंस कुणाला. लवकर बरी व्हशील."

मी विचारलं नाही. कुठल्या देवाचा अंगारा असेल म्हटलं. नाक तर आधीच चोंदलेलं.

थोड्या वेळानं शिंका सुरू झाल्या, मग छाती. बघता बघता पहिल्या दिवसासारखं झालं. सिस्टर धावली, मुखवटा आला. आमची डॉक्टरीणबाई, महेशपेक्षा लहानच असेल, ती धावत आली आणि वाकली. वाकल्यावर थांबली. हवेत नाक वर केलं.

"हा वास कसला येतोय?"

वन्सं पदराशी चाळा करत म्हणाल्या, "कुटं काय? दवाखान्याचाच आसंल."

डॉक्टरणीनं उशी उचलली. रुमाल सोडला. आत सातविणीचे झुबके, गच्च बांधलेले.

"हे इथं कुणी ठेवलं?"

"आवं, त्यो परसाद हाय," वन्सं म्हणाल्या. "माज्या दादाचा."

डॉक्टरणीनं ती फुलं एका पिशवीत घालून बाहेर पाठवली. मला उतार पडल्यावर खाटेवर बसून सगळं विचारून घेतलं. झाड कुठं आहे? दारात. जवळ जाता? रोज पणती लावते. फुलं घरात आणता? उशाशी ठेवते. ती बाई रागावली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, तुम्ही रोज संध्याकाळी औषधाच्या उलटं औषध घेत होता."

पुढं हातावर थेंब टाकून, टोचून तपासणी केली. कुठल्या थेंबाला गांधी उठते ते बघतात. सातविणीला उठली, गाजर गवताला उठली, आणखी एक-दोन परागांना उठली. दमा आहे म्हणाली, आतापर्यंत झोपलेला, आता जागा झालेला. तिनं हेही स्पष्ट सांगितलं की सातवीण सगळ्यांना बाधत नाही, आणि माझ्या बाबतीतही झाड एकटं गुन्हेगार नाही. पण ज्याला बाधतं, त्यानं त्याच्या फुलात बसू नये. पंपाचं औषध दिलं, तोंडानं ओढायचं, रोज, बरं वाटलं तरी. 'पंपाची सवय लागते' असं ज्यांना वाटतं त्यांना माझं सांगणं, सवय श्वासाची लागते. ती चांगली सवय आहे.

वन्सं दाराशी उभ्या होत्या. पांढऱ्या फटक. "म्या मारलं असतं की गं तुला," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

माहेर

घरी आल्यावर महेशनं विषयच संपवला. "परवानगी काढतो नि झाड तोडून टाकतो."

हे वन्संना फोनवर कळलं आणि त्या बिथरल्या. फोन स्पीकरवर होता, सगळ्या घरानं ऐकलं. "म्हेशा, त्या बुडख्यात तुजा बाप हाय. माजा भाऊ हाय. कुऱ्हाड लावलीस तर माजं माहेर तुटलं समज. भाऊबिजेला मी कुणाला ओवाळू? फाटकाला?"

महेश म्हणाला, "आत्या, आई गेली तर काय झाडाला ओवाळत बसू?"

दोघंही बरोबर बोलत होते, आणि दोघंही माझ्यावरच्या मायेनं बोलत होते. मी मात्र मधे बसून पंप ओढत होते. झाड राहिलं तर मला माझ्या दारात श्वास नाही. झाड गेलं तर वन्संना माहेर नाही, आणि मला... संध्याकाळी बोलायला जागा नाही. काय निवडायचं माणसानं?

निवडता येईना म्हणून मी पळाले. साताऱ्याला, लेकीकडं. सुरेखाचं घर तिथं आहे, जावई बँकेत. फुलं संपेपर्यंत इथंच राहा म्हणाली. त्या वर्षी भाऊबिजेला झाडाला कुणीच ओवाळलं नाही.

साताऱ्यातही तीच

पोहोचले त्याच संध्याकाळी सुरेखा म्हणाली, चल आई, मोकळ्या हवेत फिरून येऊ. चांगला रुंद रस्ता, दिवे, बाकडी. आणि दोन्ही बाजूंना? सातवीण. एकसारखी, परेडला उभी केल्यासारखी, आणि सगळी फुललेली.

मी पदर नाकाला लावला आणि हसायलाच लागले. हसता हसता दम लागला. पंप होता म्हणून बरं. सुरेखा रडवेली झाली, मी म्हटलं, "अगं, तुझे वडील माझ्या मागं मागं साताऱ्याला आलेत."

घरी चहावर जावयांना विचारलं, एकच झाड का लावतात हो सगळीकडं? ते म्हणाले, लवकर सावली होते, गुरं खात नाहीत, निगा कमी. म्हणजे महेशला जे पटलं तेच गावोगावच्या साहेबांना पटलं. यात कुणाचं वाईट मन नाही. पण आमच्या गावात बांधाला चिंच होती, विहिरीवर जांभूळ, देवळापाशी पिंपरणी, ओढ्याला करंज. प्रत्येकाचा फुलायचा वेळ वेगळा. सातवीण कुठंतरी डोंगरात एखादी, वास आला तर लोक म्हणायचे, वा! तीच रस्त्यानं ओळीत लावली आणि सगळी एकदम फुलली, की वासाला पळायला जागा राहत नाही आणि माणसालाही. मी दारं-खिडक्या लावून, लेकीच्या घरात पाहुण्यासारखी बसून राहिले. नातू म्हणायचा, "आजी कोंडलीय."

बेदाणे घेऊन

एका दुपारी बेल वाजली. दारात हौसावन्सं. तासगावहून एसटी बदलत आलेल्या, हातात बेदाण्याची पिशवी, तोंड फुगलेलं.

मी "या" म्हटलं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, बोलल्या नाहीत. वन्सं न बोलता बसल्या की घरात काहीतरी जळतंय असं वाटतं. शेवटी मीच बोलायला लागले. कॉलनीचं, जतच्या आजीचं, रस्त्यावरच्या सातविणींचं. मधे मधे थांबत, श्वास घेत. त्या माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या.

"वैनी," त्या म्हणाल्या, "तुजं एक वाक्य पुरं व्हईना गं."

"होतंय हळूहळू."

"पयली तू दादाला बोलूच द्यायची न्हाईस. एका दमात सगळं गाव सांगायचीस." आणि त्यांचा बांध फुटला. रडून झाल्यावर नाक शिंकरून म्हणाल्या, "ऐक. आमच्या बागेत छाटणी झाली. द्राक्षाची काडी कवा तोडायची, किती तोडायची, त्यावर घड येतो. येळ चुकली की नुसता पाला. समजलं का?"

"मला द्राक्षातलं काय कळतंय?"

"आगं, आमी फूल यावं म्हणून येळेवर छाटतो. मग फूल येऊ नये म्हणून येळेवर छाटता येत न्हाई व्हय? सातवीण शेंड्याला फुलती. फुलायच्या आदी शेंडं मारलं तर?"

"वन्सं, तुमच्या दादाच्या झाडाला कात्री लावायची?"

"तोडायचं न्हाई म्हणले मी. केस कापायला काय झालं? फौजेत कापायचाच की सारखं!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की सुरेखा स्वयंपाकघरातून पळत आली, आईला पुन्हा अटॅक आला म्हणून.

छाटणी

फुलं संपल्यावर सांगलीला आले, डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, करून बघा, पण पंप सोडायचा नाही. महेश आधी कुरकुरला, मग आत्याच्या पाया पडला आणि महापालिकेतून छाटणीची परवानगी घेऊन आला. छाटणीसुद्धा मनानं करायची नसते, हे मला तेव्हा कळलं.

वेळ कुठली धरायची? वन्संनी ठरवलं, पुढच्या भाद्रपदात, सुभेदारांच्या म्हाळाला. पितरांच्या पंधरवड्यात त्यांच्या नावानं जेवण घालतो तो दिवस. पुढं दसऱ्यानंतर फूल, म्हणजे त्याआधीच शेंडे छाटून निघतात. म्हाळाला घरात सगळे असतात, कुणाला वेगळं बोलवायला नको.

शिडी लावून माणूस वर चढला. मी खिडकीच्या काचेआडून बघत होते. वन्सं खाली, पदर खोचून, मान वर. "आरं जपून! तिकडची ठेव! दादाच्या डोसक्याला टकलू करतूस का काय?" तो बिचारा वरून म्हणाला, "मावशी, तुमीच चढा की." त्याला दुपारी पंगतीत पहिल्या ओळीत बसवला आणि वन्संनी आग्रह करून करून वडे वाढले.

अगदी खरं सांगायचं तर सगळं गेलं नाही. शिडी पोहोचली नाही तिथं, वरच्या टोकाला चार-दोन झुबके आलेच. कोपऱ्यावर रस्त्याच्या सातविणी आहेत, गाजर गवत आहे. मी पंप घेते, वारा असला की तोंडाला कापड बांधते, फुलं घरात आणत नाही. पण त्या हंगामात मी मिरजेला गेले नाही आणि साताऱ्यालाही पळाले नाही. भाऊबिजेला वन्संनी झाडाला ओवाळलं आणि मला फाटकाच्या आत, लांब उभं केलं.

कॉलनीत नवी झाडं लावायची बैठक झाली, तेव्हा मीही बोलले. कधी बोलत नाही मी अशा ठिकाणी. म्हटलं, एकच जात ओळीनं लावू नका. मिसळून लावा, आणि लावण्याआधी फुलाची चौकशी करा. कुणाकुणाला धाप लागते तेही विचारा. चार घरांतून हात वर झाले. त्यांना वाटत होतं, सर्दी आहे.

त्या हंगामापासून वन्सं रोज दिवेलागणीला फोन करतात. तब्येत विचारत नाहीत. मला बोलायला लावतात आणि दम कुठं तुटतो ते ऐकतात. परवा म्हणाल्या, "वैनी, आज नाव घे दादाचं. एका दमात."

"आता? या वयात? आणि आता कुणी घ्यायला सांगतं का मला?"

"मी सांगती न्हवं? घे."

मी दारातच बसले होते, दार उघडं. श्वास भरून घेतला आणि म्हटलं,

"खीर, वडे, अळूची भाजी, डाव्या हाताला चटणी,
दत्ताजीरावांच्या झाडाची सालातून एकदा छाटणी."

मग वन्सं म्हणाल्या, "तुटला न्हाई गं कुटंच. आता जरा मोठ्यानं घे, त्याला बी ऐकू जाऊ दे."

मी घेतलं.